वरच्या पट्टीत

११ जानेवारी, रविवार

पेट्रिशिया मॅडमना आज तोंडावर सांगून आलो — वाजवीन तर सोलोच वाजवीन.

सांगायचं नव्हतं. गेलो होतो फक्त नाव द्यायला. अंधेरीला त्यांच्या मंडळाचा तरुण वादकांचा कार्यक्रम आहे, आठ फेब्रुवारीला. मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, "डबल बेस? हो हो, शेवटच्या समूहगीताला मागे उभा राहा ना. भारदस्त दिसतं."

दिसतं! माझ्याहून उंच वाद्य, आणि यांना ते दिसण्यासाठी हवंय. लग्नाच्या हॉलला दाराशी केळीचे खांब बांधतात तसं. डोकं सटकलं. म्हणालो, "मॅडम, युक्रेनमध्ये आजकाल डबल बेससाठी कॉन्चेर्टो लिहितायत. अख्खा ऑर्केस्ट्रा मागे आणि बेस पुढे. त्यातलाच एक मी बसवतोय."

बसवतोय कसला. मोबाईलवर दोन मिनिटांची क्लिप आहे, बस.

"ऑर्केस्ट्रा कुठून आणणार? पियानोवर कोण आहे तुझ्याबरोबर?"

तोंडातून निघून गेलं — "नॅटली."

नॅटलीला अजून यातलं काही माहीत नाही. वाट लागली.

१२ जानेवारी, सोमवार

आयसी कॉलनीत नॅटलीच्या घरी गेलो. दार नॅटलीनेच उघडलं. पेट्रिशिया मॅडमचा फोन आधीच येऊन गेला होता.

"ए हिरो, मी काय वाजवणार आहे ते मला कळेल का?"

मी सगळं सांगितलं. ती दाराला टेकून ऐकत होती, केसात पेन्सिल खोचलेली. हसली नाही, रागावली नाही. म्हणाली, "नोटेशन आण. बघू." बघू! ह्या बघूवर मी बोरिवली पश्चिमेहून पूर्वेला घरी कसा आलो आठवत नाही. सिग्नलला मामाचा टेम्पो मागच्याने हॉर्न मारला तेव्हा हलला.

आता कागदावर खरं लिहितो. मला ती क्लिप फार आवडते हे खरं. पण नॅटलीचं नाव मी घेतलं ते दुसऱ्याच कारणासाठी. बेस मला नोएल अंकलनी शिकवला — नॅटलीचे पप्पा. फिल्मच्या रेकॉर्डिंगला आयुष्यभर बेस वाजवला त्यांनी. दोन वर्षांपूर्वी मी मामाच्या टेम्पोतून त्यांच्याकडे कपाटाचं प्लायवूड टाकायला गेलो होतो. इंजिनिअरिंग सोडून महिना झाला होता — एचओडीशी वाजलं, पिशवी उचलली, परत गेलो नाही. कोपऱ्यात बेस उभा होता. हात धुळीचे, तरी मी जाड तार ओढली. अंकल म्हणाले, "परत ओढ." त्यांची बोटं आखडलीत, म्हणून बेसही त्यांनी मला घरी न्यायला दिला. "पडून राहिला तर रुसतो, मॅन."

पण दिवाळीत म्हणाले, माझ्याकडचं सगळं शिकवून संपलं, आता तू एकटा वाजव. म्हणजे त्या घरी जायला कारण संपलं. अडीच महिने कारण शोधत होतो. आता सापडलंय. आठ फेब्रुवारीपर्यंत.

तोवर तिला सांगायचं. नाहीतर कधीच नाही.

१५ जानेवारी, गुरुवार

उत्तर आलं!!

ज्यांनी कॉन्चेर्टो लिहिलाय त्या ओलेनाबाईंना मी सोमवारीच मेल टाकली होती. इंग्रजी धड नव्हतं, भावना होती. बाई युक्रेनमध्ये लिव्हिवला असतात. त्यांनी बेसची पानं पाठवली, पियानोची पाठवली. लिहिलंय, मुंबईत कोणी हे वाजवेल असं वाटलं नव्हतं. वाजवा, आणि कसं वाटलं ते कळवा. इथे वीज कधी असते कधी नसते, उत्तराला उशीर झाला तर रागावू नका.

रागावू नका — न बघताच ओळखलं मला.

पहिल्या पानाच्या डोक्यावर त्यांच्या लिपीत दोन शब्द आहेत. फोनचा कॅमेरा धरला तर फोन म्हणतो, "एकट्याची रांग". एकट्याची कधी रांग असते का? मग डोक्यात उजेड पडला. उभं कसं राहायचं ते आहे! बेसवाल्याने सगळ्यांपासून सुटं, पुढे, एकट्याने उभं राहायचं. एकटा सैनिक, पण ताठ. अंगावर काटा आला. काय बाई आहे यार.

१८ जानेवारी, रविवार

पहिली तालीम. बेस गोधडीत गुंडाळून टेम्पोत आडवा घातला. आई खिडकीतून बघत होती — "कोणाक घेवन चललंस रे असो?"

अंकलच्या हॉलमध्ये मी आधी पियानो भिंतीकडे ढकलायला लावला. एकट्याची रांग म्हणजे रांग. मी पुढे मध्यभागी, नॅटली मागे भिंतीशी. तिने भुवया वर केल्या फक्त.

सुरू केलं. देवा. कोणी ट्रंक उघडून भांडी जिन्यावरून सोडावीत तसं. तिचे सूर एकीकडे, माझे दुसरीकडे, कुठे भेटतच नाहीत. दोघं थांबलो. अंकलकडे बघितलं. ते आरामखुर्चीत डोळे मिटून होते. डोळे न उघडताच म्हणाले, "मॉडर्न आहे."

"पप्पा, हे बरोबर आहे?"

"मला काय माहीत बाबा. मी जन्मभर मागे उभा राहिलो. सोलोतलं मला कळत नाही. पण मॉडर्न असंच असतं."

नॅटली म्हणाली, "माझ्या पानावर याची ओळ छापलेलीच नाही. पडताळणार कशाशी?"

मग मी भाषण ठोकलं. तिथे लढाई चालू आहे. घरं पडतायत. अशा ठिकाणी लिहिलेलं संगीत गोड कसं असेल? ते टोचणारच. टोचायलाच हवं. बोलता बोलता आवाज चढला. नॅटलीने ऐकून घेतलं, हळूच म्हणाली, "असेल." आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केलं. दोन तास भांडी जिन्यावरून जात होती आणि मी इतका सुखी कधीच नव्हतो.

२१ जानेवारी, बुधवार

घरी रियाज. खालची जाड तार ओढली की स्वयंपाकघरात मांडणीवरच्या ताटल्या थरथरतात. आई लाटणं घेऊन बाहेर आली.

"शिरा पडो तुझ्या वाजपावर. ह्या धूड हयसून हलय. देवापुढे दिवो लावक जागा नाय माका."

"आई, आठ तारखेपर्यंत."

"मगे? मगे खंय जातला?"

तेच तर. मगे खंय.

संध्याकाळी क्लिपबरोबर वाजवून बघितलं. तिच्यात बेस एकटाच आहे, साथ नाही. माझा सूर तिच्याखाली पडतो. पुन्हा लावला, पुन्हा खाली. फोनचा स्पीकर बिघडलाय बहुतेक. मामा म्हणतो, नवा घे, हा तुझ्यासारखाच बोलतो, मनाला येईल तसं.

२५ जानेवारी, रविवार

मार्कस आला होता. चेलो वाजवतो, त्याच कार्यक्रमात आहे. पांढरा शर्ट, इस्त्री, हसतो तर गालाला खळी. नॅटलीची पानं उलटायला आला म्हणे. तिच्याशेजारी स्टुलावर बसला, खांद्याला खांदा. मधेच काहीतरी कुजबुजला आणि ती हसली. माझी पाठ होती तिकडे. मी बघू शकत नव्हतो, फक्त ऐकू येत होतं. ही एकट्याची रांग फार महागात पडतेय.

मी म्हणालो, "पानं उलटायला कोणी नको. मी उलटीन."

मार्कस म्हणाला, "तू? बेस सोडून?"

"हो. सोडून."

नॅटली: "मुकुल, मूर्खपणा करू नकोस."

बेस उचलला, गोधडी गुंडाळली, निघालो. दारात बेसची मान चौकटीला आपटली. वाजली. त्या अख्ख्या तालमीतला तेवढाच स्वच्छ सूर.

२६ जानेवारी

फोन केला नाही. आलाही नाही.

२८ जानेवारी, बुधवार

मालाडला डिलिव्हरी देत होतो, प्लायवूड डोक्यावर, आणि फोन वाजला. प्लायवूड रस्त्यात टाकून उचलला. मामा मागून ओरडतोय.

नॅटली: "रविवारी तू रागावला होतास की भूक लागली होती?"

"... दोन्ही."

"येत्या रविवारी जेवून ये. मार्कस येणार नाही. तो म्हणाला, तुमचं संगीत ऐकून त्याचं डोकं दुखतं."

मार्कस वाईट मुलगा नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

आज तिचं बिनसलं. कधी नाही ते. दुसऱ्या भागात मधेच थांबली, झाकण पाडलं.

"मी तीन रविवार भिंतीशी बसून वाजवतेय. समोर रंगाचे पोपडे दिसतात. मागे वळलं तर तुझी पाठ. तू कधी श्वास घेतोस, तारेवर बो कधी टेकवतोस, मला काही कळत नाही. हे दोघांचं आहे की तुझं एकट्याचं?"

"तसं लिहिलंय. एकट्याची रांग—"

"कुणी लिहिलंय? तुझ्या फोनने! तू विचारलंस तिला?"

"त्यात विचारायचं काय? स्पष्ट आहे."

"वरच्या पट्टीत बोलू नकोस माझ्याशी."

मी वरच्या पट्टीत बोलत होतो. अंकल उठून आतल्या खोलीत गेले. मला पाण्यात बुडून जावंसं वाटलं. नॅटलीने तिथेच फोन काढला आणि ओलेनाबाईंना सरळ मेल टाकली — तुम्ही पानावर लिहिलंय त्याप्रमाणे बेस एकटा उभा राहणार असेल तर पियानोने नेमकं कुठे बसायचं?

एक आठवडा उरलाय. सांगायचं ते सांगणं लांबच, ती माझ्याशी बोलली तरी पुरे.

३ फेब्रुवारी, मंगळवार

काय लिहू. कुठून सुरू करू.

दुपारी नॅटलीचा फोन. ती हसत होती की रडत होती कळेना. "ये. बेस घेऊन ये. आत्ता." टेम्पोत अर्धा माल तसाच होता. प्लायवूडवर बेस, बेसवर गोधडी, गेलो.

ओलेनाबाईंचं उत्तर. नॅटलीने मोठ्याने वाचून दाखवलं. बाई लिहितात, आमच्या भाषेत या शब्दाचे दोन अर्थ आहेत. सैनिक रांग धरतात तीही, आणि तारा सुरात लावतात तेही. माझा अर्थ दुसरा होता. सोलो वाजवताना बेसच्या चारही तारा एक सूर वर चढवून लावतात, म्हणजे आवाज उजळतो, ऑर्केस्ट्रातून वर येतो. पियानो त्याच हिशोबाने लिहिलेला आहे. तुम्ही चढवल्या नसतील तर दोघं इतके दिवस वेगवेगळ्या पट्टीत वाजवताय! मुलांनो, तुम्ही ते ऐकलंत कसं? पियानो जवळ घ्या. अगदी जवळ.

नॅटलीने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. मग अंकल म्हणाले, "मॉडर्न नव्हतं तर." आणि जे हसायला लागलो — अंकलना ठसका लागला, नॅटली पियानोच्या स्टुलावरून घसरून खाली बसली, मी बेसला मिठी मारून उभा. भजनी मंडळातलं शेंबडं पोरसुद्धा आधी पेटीवाल्याला विचारतं, पट्टी कुठली. आम्ही विचारलं नाही. युद्धावर भाषण दिलं मी, भाषण!

मग तारा चढवल्या. भीती वाटत होती. जाड तारा, ताणल्या की लाकूड कुरकुरतं. अंकल बेसच्या पोटाला कान लावून बसले — "अजून. अजून थोडं. बस. आता पुढची." नॅटली पियानोवर एकेक सूर देत होती. चौथी तार चढली तेव्हा मला घाम फुटला होता. पियानो तिघांनी मिळून भिंतीपासून ओढून बेसला लावला. आता मान वळवली तर ती दिसते. ती माझा बो बघते.

आणि वाजवलं.

मी हे नीट लिहू शकणार नाही. जे टोचत होतं ते टोचत नव्हतं. दुसरा भाग अंगाई निघाली. तिसरा भाग — ज्यावर मी दात-ओठ खाऊन बो घासत होतो, तोफा समजून — तो नाच आहे. लग्नातला नाच. पाय उचलायला लावणारा. अंकल आखडलेल्या बोटांनी खुर्चीच्या हातावर ठेका धरत होते. बाई तिकडे अंधारात बसून नाच लिहीत होत्या आणि मी त्यांच्या वतीने रडत होतो.

शेवटचा सूर संपला तेव्हा नॅटली म्हणाली, "एवढा गोड आहे हा." कॉन्चेर्टो म्हणायचं होतं तिला. तरी मी लाल झालो.

५ फेब्रुवारी, गुरुवार

रियाज. आईने लाटणं घेऊन डोकं बाहेर काढलं, मी थांबलो. म्हणाली, "थांबलंस कित्याक? मघाचा ता परत वाजय. नाचाचा."

ताटल्या अजून थरथरतात. आता तालात.

९ फेब्रुवारी, सोमवार

काल झालं. आज लिहितोय.

आई टेम्पोत पुढे बसून आली, जरीची साडी नेसून. मामा चालवत होता. मी मागे बेसबरोबर. अंधेरी पुलावर मामाने ब्रेक मारला आणि मी अख्खा बेसवर पालथा. बेस ठीक. माझ्या कपाळाला टेंगूळ. तसाच स्टेजवर गेलो.

हॉल पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बेस जिन्यावरून वर न्यायला मार्कसने एक बाजू धरली. शर्टाची इस्त्री मोडली त्याच्या. वर पोचल्यावर म्हणाला, "आता डोकं दुखणार नाही ना?" मी म्हणालो, दुखलं तर माझं नाव बदल.

पेट्रिशिया मॅडम पडद्यामागे कुजबुजल्या, "पियानो एवढा जवळ? लोकांना बेस दिसणार कसा?" नॅटली म्हणाली, "ऐकू येईल, मॅडम." आणि गेली, बसली, माझ्याकडे बघितलं. मी श्वास घेतला. तिने तोच घेतला.

पहिला भाग कसा गेला माहीत नाही. अंगाईच्या मधे एक ठिकाणी बेस एकटाच असतो, एकदम वरच्या जागी, अंगठ्याने तार दाबून. हॉल गप्प. आणि त्या शांततेत तिसऱ्या रांगेतून आईचा आवाज, तिला वाटलं हळू — "माझो झील तो. उंच हा ता न्हय, धरून हा तो." दोन-तीन लोक हसले. मीही हसलो आणि बो जरा हलला, पण ते हलणं चांगलं लागलं. नाच सुरू झाला तेव्हा मी माझ्या कपाळाचं टेंगूळ, कॉलेज, मार्कसची खळी, सगळं विसरलो. नॅटली मान डोलावत होती. बेस मागे उभा राहायचं वाद्य नाही. एकट्याने उभं राहायचंही नाही.

टाळ्या. पेट्रिशिया मॅडम उभ्या राहून. अंकल बसूनच होते, रुमाल तोंडावर.

आणि मग. लिहितोच.

बेस खाली उतरवत होतो. मी मान धरून वर, नॅटली खालची बाजू धरून खाली, उलट्या पावली पायऱ्या उतरतेय. जिना अरुंद. कोणाचाच हात मोकळा नाही. वळणावर बेस अडकला. ती खालून वर बघत होती, केस कपाळाला चिकटलेले. इतक्या तालमी, इतक्या संधी, आणि मी सांगितलं ते जिन्यात, वरच्या पट्टीत, मागून समोसे घेऊन येणाऱ्या माणसासकट सगळ्यांना ऐकू जाईल असं —

"नॅटली, मला तू आवडतेस. बेस नसता तरी आलो असतो तुझ्याकडे. रोज."

समोसेवाला थांबला.

नॅटली म्हणाली, "पकड नीट. पडेल."

पकडलं. बेस सुटला, उतरवला, टेम्पोत ठेवला. ती तिच्या पप्पांबरोबर रिक्षात बसून गेली. पकड नीट. ह्याचा अर्थ काय? मी फोनला विचारणार नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

फोन बंद करून ठेवलाय. 'नाही' असेल तर बंद फोनवर येऊ शकत नाही.

मामाच्या फोनवरून ओलेनाबाईंना मेल टाकली. कसं वाटलं ते कळवा म्हणाल्या होत्या. पानभर लिहिलं, पुसलं. शेवटी लिहिलं — बाई, लोक पाय हलवत होते.

१२ फेब्रुवारी

फोन अजून बंद. मामा म्हणतो, गिऱ्हाईकं माझ्याकडे शिव्या घालतायत, चालू कर. नाही केला. बेसही उघडला नाही. आई दोनदा विचारून गेली, बरा हा मा?

बरा हा.

१५ फेब्रुवारी, रविवार. महाशिवरात्र

कांदिवलीला माल टाकून दुपारी घरी आलो. आई ओट्याशी ताट विसळत होती.

"तां चेडू इलां होतां. अंकलाचां. साबुदाण्याची खिचडी दिलंय, खाल्ल्यान. अजून मागून घेतल्यान."

"काय म्हणाली?"

"म्हणालां, काकी, मुकुल फोन उचलत नाय. त्याने माका जिन्यात काय ता सांगितलेला, तेका हो म्हणून सांगा."

"मग तू?"

"मिया म्हटलंय, बाय गो, असल्यो गजाली माझ्या तोंडान नको. तूच सांग." ताट पालथं घातलं. "वर गच्चीर बसलां हा मघापासून. चप्पल घालून जा, लादी तापली हा."

चप्पल घातली नाही.